तळघर राहण्याजोगे करायचे आहे: स्वतः करावे की कारागिरांकडे द्यावे?

पडवीतला_बाक

गुहागर तालुक्यात, डोंगराच्या उतारावर आमचे चिरेबंदी घर आहे. आजोबांनी ते बांधले तेव्हा उतारामुळे पुढच्या बाजूचे जोते बरेच उंच घ्यावे लागले आणि त्या जोत्याच्या पोटात एक खोली निघाली, जिला घरात सगळे तळघर म्हणतात. खोली बावीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि आठ फूट दोन इंच उंच आहे. समोरच्या भिंतीला दार आणि दोन झरोके आहेत, बाजूच्या भिंती अर्ध्या मातीत आहेत आणि मागची भिंत पूर्णपणे दरडीत आहे. वरची लाकडी तक्तपोशी काढून वडिलांनी १९९४ साली काँक्रीटची स्लॅब घातली. आजवर तिथे नारळ, सुपारीची पोती, लाकूडफाटा आणि एक मोडका पाळणा एवढेच राहत होते. गणपतीत आणि मे महिन्यात माणसे वाढली की झोपायला जागा पुरत नाही, म्हणून ही खोली नीट करून घ्यावी असे ठरले आहे.

चिपळुणातल्या एका ठेकेदाराने साडेचार लाख रुपये सांगितले. त्यात आतून वॉटरप्रूफिंग, सिमेंटचा गिलावा, पीओपीचे छत, लादी, वायरिंग आणि रंग हे सगळे आले. मी गेल्या वर्षी नोकरीतून मोकळा झालो. माझ्याकडे ड्रिल आहे, ग्राइंडर आहे आणि वेळही आहे, सुतारकाम बऱ्यापैकी येते आणि गवंडीकाम नुसते बघून माहीत आहे. एक गोष्ट आधीच सांगतो. मागच्या भिंतीला खालून तीन फुटांपर्यंत लोणा लागलेला आहे. आता श्रावणात ती भिंत हाताला गार आणि चिकट लागते, आणि उन्हाळ्यात तीच पिठासारखी भुकटी सोडते.

यातले काय मी हाती घ्यावे आणि कशाला हात लावू नये, की सगळेच ठेकेदारावर सोपवून मोकळे व्हावे?

कणगी

पाळणा टाकू नका. काम स्वतः करायला घेतलेत तर ते पुरे होईपर्यंत घरात नातवंड आलेले असेल.

दर्जाभर

मी रत्नागिरीत बांधकामांवर देखरेखीचे काम करतो, त्यामुळे ठेकेदारांच्या बाजूने बोलेन असे वाटेल. पण तुम्हाला दिलेल्या यादीतली पहिलीच बाब मला पटलेली नाही.

आपल्याकडचा चिरा म्हणजे जांभा, आणि जांभा हा सच्छिद्र दगड आहे. खाणीतून काढताना तो करवतीने कापण्याइतका मऊ असतो आणि हवा लागली की कडक होतो, म्हणून तर आपल्याकडे इतकी घरे त्याची झाली. पण कडक झाला तरी त्याची भोके काही बुजत नाहीत. दरडीत मुरलेले पावसाचे पाणी त्या भोकांतून आणि सांध्यांतून आत येते, येताना मातीतले आणि चुन्यातले क्षार विरघळवून आणते, आणि भिंतीच्या तोंडाशी पाणी उडून गेले की क्षार मागे राहतात. तुमचा लोणा तो हाच. आता या भिंतीला आतून वॉटरप्रूफिंगचा लेप दिला, तर पाणी बाहेरून त्या लेपाला ढकलत राहणार. भिंतीमागे एक मीटर उंचीचे पाणी साचले, तर तळाशी दर चौरस मीटरला सुमारे एक टन दाब येतो. बाहेरून दिलेला लेप हा दाब भिंतीवर दाबून धरतो, आतून दिलेला लेप मात्र भिंतीपासून सुटू पाहतो. त्यामुळे दोन-तीन पावसाळ्यांनंतर तो फुगतो आणि गिलाव्यासकट पडतो, आणि तोवर ठेकेदाराची हमी संपलेली असते.

पाणी आत आल्यावर अडवण्यापेक्षा ते भिंतीपर्यंत पोचणार नाही हे आधी पाहा. घरामागे, वरच्या अंगाला, चर आहे का? मागच्या छपराला पन्हळ आहे का, की पागोळ्या थेट भिंतीच्या बुडाशी पडतात? हजार चौरस फुटांच्या छपरावर दिवसभरात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर नऊ हजार लिटरहून अधिक पाणी उतरते, आणि आषाढात आपल्याकडे असे दिवस काही दुर्मीळ नसतात. त्यातले अर्धे मागच्या पागोळीने त्या भिंतीच्या मुळाशी जात असेल, तर कोणता लेप टिकणार?

सोनवेल

दर्जाभर यांच्या म्हणण्याला +१, आणि ते मी पैसे मोजून शिकले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचे घर दापोलीजवळ आहे आणि आमचेही तळघर असेच दरडीला टेकलेले आहे. सहा वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी ते स्वतः करायला घेतले. लोणा तारेच्या ब्रशने खरवडला, सिमेंटचा गिलावा केला, आणि पुसायला सोपा जाईल म्हणून त्यावर ऑइल पेंट मारला. दिवाळीत खोली अशी दिसत होती की आलेला प्रत्येक पाहुणा आधी खाली उतरून बघून येत असे. पुढच्या जुलैत रंगाला लिंबाएवढे फोड आले. एक फोड मी सुईने टोचला तर आतून पाणी वाहू लागले, आणि चव पाहिली तर ते चक्क खारट होते. रंगाने भिंतीचा श्वास कोंडला होता, आणि ओल आता तीन फुटांवर न थांबता पाच फुटांपर्यंत चढली होती.

दुसऱ्या वर्षी आम्ही सगळा गिलावा काढला. मागच्या अंगाला चर खणून घेतला, सांधे चुन्याने भरले आणि वर नुसती चुन्याची सफेदी दिली. आजही तिथे थोडासा लोणा येतो. आगोटीच्या कामांत कौले शाकारून झाली की मी तो झाडून काढते आणि सफेदीचा एक हात देते. यात अर्धा दिवस जातो. त्यामुळे माझे मत असे की स्वतः जरूर करावे, पण असेच काम करावे जे बिघडले तर पुन्हा स्वतःच करता येईल. सफेदी बिघडली तर बादलीभर चुना लागतो. पीओपीचे छत ओलीने उतरले तेव्हा मात्र आम्हाला माणूस शोधत चार महिने फिरावे लागले.

कातळसडा

सोनवेलताई, भिंतीतून आलेले पाणी चाखून पाहणाऱ्या तुम्ही माझ्या ओळखीतल्या पहिल्याच.

सोनवेल

समुद्राची वाळू वापरली असेल अशी शंका होती, म्हणून चाखले. शास्त्रीय कारण होते!

एडिसन_ते_लांजा

माझे गाव लांजा, पण राहणे वीस वर्षे न्यू जर्सीत. तिकडे जवळपास प्रत्येक घराला तळघर असते आणि ते स्वतः सजवणे हा निम्म्या शेजाऱ्यांचा हिवाळ्यातला उद्योग असतो. मीही केले, म्हणून तुलना करतो.

तिकडची भिंत ओतीव काँक्रीटची असते. तिच्या आत इंच-दीड इंच सोडून लाकडी चौकट उभी करायची, त्यात उष्णतारोधक भरायचे, आणि वर चार बाय आठ फुटांचे, अर्धा इंच जाडीचे जिप्समचे तक्ते स्क्रूने बसवायचे. जमिनीखाली सच्छिद्र पाइपांनी पाणी एका खड्ड्यात आणलेले असते आणि तिथला पंप आपोआप सुरू होऊन ते बाहेर टाकतो. झोपण्याची खोली करायची असेल, तर आगीच्या वेळी बाहेर पडण्याजोगी खिडकी लागते. तिची मोकळी जागा किमान ५.७ चौरस फूट आणि तिची खालची कड जमिनीपासून ४४ इंचांच्या आत असावी लागते. जमिनीतून येणाऱ्या रेडॉन वायूची चाचणी करतात ती वेगळीच. वायरिंगला परवाना काढावा लागतो आणि तपासनीस बघून गेल्याशिवाय भिंत बंद करता येत नाही.

चौकट, तक्ते आणि दारे मी केली आणि ती छान झाली. फसलो ते तक्त्यांच्या सांध्यांत. सांध्यावर कागदी पट्टी लावून लुकण भरायचे, वाळले की घासायचे, पुन्हा भरायचे, असे तीन हात द्यावे लागतात. मला त्यात पाच शनिवार-रविवार गेले, तरी संध्याकाळी दिवा लावला की प्रत्येक सांधा भिंतीवर उठून दिसतो. शेजाऱ्याने त्यासाठी दोन माणसे बोलावली, ती तीन दिवसांत संपवून गेली. त्या एका कामाचे पैसे मी वाचवायला नको होते. पडवीतला_बाक यांनी ओतीव भिंतीऐवजी चिऱ्याच्या भिंतीपुढे अशी चौकट उभी केली तर ओल नजरेआड होईल आणि भिंतही सरळ दिसेल, असे मला वाटते.

वाळवीग्रस्त

नको! लांज्याचे असूनही आपण हे विसरलात याचे आश्चर्य वाटते. ओल्या चिऱ्याची भिंत, तिच्यापुढे बंद अंधारी पोकळी आणि त्या पोकळीत पाइनचे लाकूड, हा तर वाळवीसाठी मांडलेला पाट आहे. आमच्याकडे एका भिंतीपुढे शोभेसाठी प्लायवूड लावले होते. बाहेरून ते झकास दिसत होते. एक दिवस खिळा ठोकायला गेलो तर हातोडी आत गेली, आणि पाठीमागे नुसता मातीचा नकाशा उरला होता. लाकूड लावायचेच असेल तर ते भिंतीपासून सुटे ठेवावे, मागे हात जाईल आणि बॅटरीने बघता येईल इतकी जागा सोडावी, आणि प्लाय घेताना त्यावर आयएस ७१० चा, म्हणजे ओलीत टिकणाऱ्या मरीन प्लायचा, शिक्का आहे का हे पाहावे. वाळवीची फवारणी बांधलेल्या घरातही करता येते; जमीन आणि भिंत यांच्या सांध्यालगत भोके पाडून औषध सोडतात. ते काम स्वतः करू नये, विशेषतः विहीर जवळ असेल तर.

एडिसन_ते_लांजा

मान्य. वीस वर्षांत वाळवी दिसली नाही म्हणजे ती जगातून गेली असे नव्हे. चौकटीचा सल्ला मागे घेतो.

वाशिष्ठीकाठ

वायरिंगबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. आम्ही चिपळूणचे. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या तळमजल्यात पाणी छताला लागले होते. डोंगरावर पूर येणार नाही हे मला कळते. पण ओल्या भिंतीत पुरलेली वायर पूर नसतानाही धोक्याची असते. घर पुन्हा उभे करताना आमच्या वायरमनने सगळे सॉकेट कमरेच्या वर घेतले, वायर भिंतीत न पुरता बाहेरून पाइपातून नेली आणि बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवला. साधा एमसीबी जादा भार आला की पडतो. माणसाला झटका बसतो तेव्हा वाहणारी वीज एमसीबीच्या दृष्टीने अगदीच थोडी असते, त्यामुळे तो पडत नाही. आरसीसीबी पडतो. मात्र घराचे अर्थिंग धड हवे. आमचे उन्हाळ्यात कोरडे पडत असे, हे आम्हाला पुरानंतर कळले.

हे काम परवानाधारक वायरमनलाच द्या. बोर्ड कुठे हवेत ते खडूने भिंतीवर आखून देणे एवढेच आपले काम.

गडग्यापलीकडे

सगळे "कारागिराला द्या" म्हणत आहेत, पण कारागीर मिळतो कुठे, हे कोणी सांगत नाही. आपल्याकडचे वर्ष असे असते: गणपतीत गवंडी भजनात, नवरात्र-दिवाळीच्या सुमारास भातकापणीत, शिमग्यात पालखीबरोबर, एप्रिल-मे महिन्यांत आंब्याच्या पेट्यांत आणि जूनपासून लावणीत. मधल्या फटींत जे दिवस उरतात, त्यांत अख्ख्या वाडीची बांधकामे असतात. यात त्याची काही चूक नाही. त्यालाही घर आणि शेत आहे. पण "सोमवारी येतो" हे वाक्य ऐकून मी दोन महिने वाळूच्या ढिगावर ताडपत्री घालत बसलो होतो, आणि तेवढ्यात शेजारच्या मांजरांनी तो ढीग आपल्या सोयीसाठी ताब्यात घेतला.

म्हणून माझा अनुभव असा की काम उक्ते, म्हणजे सगळ्या कामाची एकच रक्कम ठरवून, द्यावे, रोजावर देऊ नये. रोजावर दिलेल्या कामाला घाई नसते. उक्ते देताना मात्र टप्पे ठरवून पैसे द्यावेत, आणि शेवटचा हप्ता एक पाऊस बघून देण्याचे कबूल करून घ्यावे. जो गवंडी याला तयार होतो त्याला आपल्या कामाची खात्री असते.

दर्जाभर

गडग्यापलीकडे यांचा शेवटचा मुद्दा मी माझ्या वहीत लिहून घेतला आहे.

पडवीतला_बाक यांना आणखी तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पहिली स्लॅबबद्दल. १९९४ साली आपल्याकडे खाडीची वाळू सर्रास वापरत, आणि ती नीट धुतलेली नसेल तर तिच्यातले मीठ आतल्या सळईला गंजवते. गंजलेली सळई फुगते आणि खालचे काँक्रीट सोडवते. हातोडीच्या दांड्याने छत ठोकून पाहा: घट्ट जागी खणखणीत आवाज येतो, सुटलेल्या जागी बद्द. बद्द आवाज येत असेल, तर त्यावर पीओपीचे छत चढवणे म्हणजे दुखणे झाकणे होय.

दुसरी उंचीबद्दल. राष्ट्रीय इमारत संहितेत तळघराची उंची किमान २.४ मीटर, म्हणजे सात फूट साडेदहा इंच, सांगितली आहे. लादीसाठी दोन इंच आणि पीओपीसाठी सहा इंच गेले की तुमच्याकडे सात फूट सहा इंच उरतात. पंखा लावला की उंच माणसाने हात वर करून आळस द्यायची सोय राहणार नाही.

तिसरी चाचणी आहे, आणि ती आत्ताच, पाऊस असतानाच करायची आहे. दीड फूट बाय दीड फूट जाड प्लास्टिकचे दोन तुकडे घ्या. एक मागच्या भिंतीवर आणि एक जमिनीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा आणि दोन दिवस तसेच राहू द्या. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, पाणी जमले तर ओल दरडीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला जमले तर ते खोलीच्या हवेतले आहे. पावसात हवा २८ अंश आणि आर्द्रता नव्वद टक्के असली की २६ अंशांच्या आसपासच्या गार पृष्ठभागावर दव धरू लागते, आणि दरडीची भिंत तेवढी गार सहज असते. अशा वेळी "हवा खेळू दे" म्हणून झरोके उघडले की आपण दमट हवेला आत येण्याचे आमंत्रणच देतो. या दोन दुखण्यांची औषधे वेगळी आहेत, आणि ठेकेदाराने एकाही दुखण्याची तपासणी न करता औषध लिहून दिले आहे.

कणगी

माझ्या आजीची चाचणी याहून सोपी होती. ती मिठाची बरणी उघडी ठेवून बघत असे.

वाळवीग्रस्त

बरणी फक्त हवेतली ओल सांगेल, भिंतीतली नाही. आजींना प्लास्टिक मिळाले नसावे.

पडवीतला_बाक

सर्वांचे आभार. गणपतीच्या गडबडीत उत्तर द्यायला तीन आठवडे लागले; पण तेवढ्यात सांगितलेले सगळे करून पाहिले.

दोन्ही ठिकाणी प्लास्टिक लावले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जमिनीवरचे वरून दवाने ओले होते आणि उचलले तेव्हा खालचा कोबा जवळपास कोरडा निघाला. भिंतीवरच्या तुकड्याच्या पाठीमागून मात्र थेंब ओघळून खालच्या चिकटपट्टीत बोटभर पाणी साचले होते. म्हणजे दोन्ही दुखणी आहेत, पण मोठे दरडीचेच. मग छत्री घेऊन घरामागे गेलो. तिथला चर वडिलांनी खणलेला होता हे मला आठवत होते. तो पालापाचोळ्याने आणि मातीने इतका भरला आहे की त्यात अळू वाढले आहे, आणि आम्ही गेली काही वर्षे त्याचीच फतफते खातो आहोत. मागच्या छपराला पन्हळ नाहीच.

स्लॅबला सगळीकडे खणखणीत आवाज आला; फक्त दारावर हातभर जागा बद्द वाजली.

ठेकेदाराला नाही म्हणून कळवले. आता असे ठरले आहे की मागचा चर एका गवंड्याला उक्ता द्यायचा, शेवटचा हप्ता पुढच्या श्रावणात. चराच्या तळाशी सच्छिद्र पाइप, भोवती खडी आणि खडीवर माती आत जाऊ नये म्हणून जिओटेक्स्टाइलचे कापड, असे तो स्वतःहून म्हणाला. दारावरची स्लॅब आणि वायरिंगही माणसे लावूनच करेन. पन्हळ बसवणे, गिलावा न करता सांधे चुन्याने भरणे, सफेदी, दारे आणि भिंतीपासून सुटे पलंग हे मी करेन. पीओपी रद्द. साडेचार लाखांऐवजी दीड-पावणेदोन लाखांत बसेल असा अंदाज आहे.

दर्जाभर

उत्तम. दोन सूचना आहेत. दिवाळीनंतर दरड निथळल्यावरच खणायला सुरुवात करा आणि संपूर्ण बावीस फूट एकदम उघडू नका. ती भिंत दरडीला धरून आहे आणि दरड तिला. पाच-सहा फुटांचा तुकडा खणून, पाइप-खडी घालून, बुजवून मगच पुढचा घ्या, आणि पायाच्या तळाखाली जाऊ नका. पाइपाला दर शंभर फुटांना एक फूट उतार हवा. तो पाणसळीने बघा, नजरेने नको. सांधे उकरताना ग्राइंडर वापरणार असाल, तर चिऱ्यावर पाणी मारत राहा आणि एन-९५ मास्क लावा. बंद खोलीत ती धूळ तासभर खाली बसत नाही.

सोनवेल

चुना आधी भिजवून ठेवा. आणि अळू दुसरीकडे लावा, फतफते सोडू नका.

गडग्यापलीकडे

चराचे पाणी शेवटी कुठे सोडणार आहात? आमच्या वाडीत यावरून दोन घरे अकरा वर्षे बोलत नाहीत.

पडवीतला_बाक

खालच्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात. मधे चुलतभावाचे खळे लागते. काल त्याने गडग्यावरून हाच प्रश्न विचारला. आज संध्याकाळी पानसुपारी घेऊन जाणार आहे.